सावर फुलली की तिच्याखाली जाऊन बसा

फेब्रुवारी लागला की आमच्या टेकडीच्या पायथ्याची काटेसावर पूर्ण उघडी पडते. अंगावर एक पान नाही, आडव्या फांद्या आभाळात पसरलेल्या आणि त्यांवर तळहाताएवढी लालभडक फुलं. सकाळी साडेसातला तिथं पोचताना झाड दिसायच्या आधी कालवा कानावर येतो. साळुंक्यांची भांडणं, बुलबुलांची बडबड, मधूनच पोपटांचा कर्कश आवाज. फुलाच्या पेल्यात खुपसलेलं डोकं साळुंकी बाहेर काढते तेव्हा तिचं कपाळ परागांनी माखलेलं असतं.

"पक्षी बघायला सुरुवात करायची आहे, कुठं जाऊ?" असं दर वर्षी कुणी ना कुणी मला विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. सध्या कुठंही जाऊ नका. घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर एखादं फुललेलं झाड शोधा आणि महिनाभर त्याच झाडापाशी बसा. त्या महिन्यात काय करायचं, ते इथं क्रमानं लिहितो आहे. मी पुण्यात राहतो म्हणून उदाहरणं इकडची येतील, पण सावर, पळस आणि पांगारा कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे आहेत. तुमच्या गावातही असणारच.

हेच दिवस का

पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. झाडं मात्र पाडव्यापर्यंत थांबत नाहीत. वसंत पंचमी माघात येते, आणि झाडांचं वेळापत्रक तिच्याशी जास्त जुळतं. माघात पानगळ सुरू असते, त्यातच सावर आणि पांगारा फुलतात. फाल्गुनात पळस पेटतो, पिंपळाला तांबूस पालवी येते, आंब्याचा मोहर दरवळतो. चैत्रात कडुनिंब फुलतो आणि रात्री खिडकीतून त्याचा गोडसर वास घरात येतो.

नवशिक्यासाठी या दिवसांचे तीन मोठे फायदे आहेत. झाडांवर पानं नसतात, म्हणून पक्षी दिसतात. पावसाळ्यात ज्याचा नुसता आवाज ऐकून परतावं लागतं, तो आता उघड्या फांदीवर बसलेला असतो. दुसरं म्हणजे रसाळ फुलांमुळे पक्षी आपणहून एका ठिकाणी येतात, त्यांना शोधत फिरावं लागत नाही. आणि तिसरं, हा निरोपाचा आणि सुरुवातीचा एकत्र काळ आहे. हिवाळ्याचे पाहुणे अजून गेलेले नसतात आणि इथले रहिवासी गायला, घरटी बांधायला लागलेले असतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत पाहुणे बहुतेक निघून जातात. म्हणजे दोन्ही पाहायला हाती साधारण दोन महिने मिळतात.

पहिलं काम: झाड निवडणं

यात घाई करू नका. दोन-तीन संध्याकाळी नुसतं झाडं बघत फिरा. हे फिरणंही सुखाचं असतं. ऊन कललेलं असतं, हवेत किंचित गारवा उरलेला असतो आणि रसवंतीच्या घुंगरांचा आवाज रस्त्यावर परत ऐकू यायला लागलेला असतो.

काटेसावर ओळखायला सोपी. सरळसोट खोड, त्यावर जाड शंकूसारखे काटे (म्हाताऱ्या झाडाचे बरेचसे झिजलेले असतात), मजले चढवावेत तशा आडव्या फांद्या. फुलाला पाच जाड, मांसल पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका. झाडाखाली अख्खी फुलं पडलेली दिसतील. एखादं उचलून हातात घ्या. त्याचं वजन जाणवलं की एवढे पक्षी इथं का येतात ते कळतं.

पांगाऱ्यालाही काटे असतात, पण त्याची फुलं फांदीच्या टोकाला गुच्छानं येतात, लांबट आणि प्रवाळासारखी लाल. पळस वेडावाकडा वाढतो. कळ्यांवर काळपट मखमल आणि आत केशरी पाकळ्या, त्यातली एक चोचीसारखी वळलेली. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" पळसावर खरोखरचा पोपट येऊन बसला की हे नाव ठेवणाऱ्या माणसाची नजर किती तयार होती ते पटतं. पळसाला पाने तीनच ही म्हण आपण कितीदा ऐकलेली असते, पण ती तीन पानं या दिवसांत झाडावर जवळजवळ नसतात. फक्त फुलं.

हे रंग लाल-केशरी का, हेही समजून घेण्यासारखं आहे. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना उत्तम दिसतो. मोठं, लाल, भरपूर रसाचं आणि फारसा वास नसलेलं फूल हे पक्ष्यांना दिलेलं आमंत्रण असतं. रस पिता पिता पराग या झाडावरून त्या झाडावर जातात. तुम्ही झाडाखाली बसून बघणार आहात तो हाच व्यवहार.

शहरात यांपैकी एकही झाड जवळ नसेल तर निराश होऊ नका. सोसायटीतला शेवगा फुलला असेल तर शिंजीर, म्हणजे फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी, तिथं येणारच. मार्चमध्ये सिल्व्हर ओकला नारिंगी तुरे येतात आणि भांगपाडी मैना त्यावर तुटून पडतात. फळलेला वड, पिंपळ किंवा उंबर तर फुलांच्या झाडाइतकाच गजबजलेला असतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, अशाच झाडांवर भेटतो. हरियालांचा थवा वडाच्या पानांत बसला की मिनिटभर एकही दिसत नाही. मग एक हलतो, दुसरा हलतो, आणि एकाएकी लक्षात येतं की पंधरा पक्षी आपल्या डोक्यावर बसलेले होते.

दुसरं काम: बसायचं कसं

सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वात चांगले. फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मार्चच्या अखेरीस साडेसहाच्या आसपास. ते जमत नसेल तर संध्याकाळचे साडेचार ते साडेसहा. भर दुपारी जाऊ नका, पक्षीही सावलीत गप्प बसलेले असतात.

सूर्य पाठीशी ठेवा. ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ. सूर्याकडे तोंड करून बसलात तर प्रत्येक पक्षी काळा दिसतो. झाडापासून पंधरा-वीस पावलं दूर बसा, अगदी बुंध्याशी नाही, नाहीतर मान दुखते आणि फांद्यांवरचं दिसत नाही. मातकट, फिके कपडे घाला. बसायला वर्तमानपत्र किंवा सतरंजीचा तुकडा, थर्मासमध्ये चहा, पाण्याची बाटली. चहाला मी फार महत्त्व देतो. पहिली दहा मिनिटं आपल्या येण्यामुळे पक्षी बिचकलेले असतात. ती दहा मिनिटं चहा हळूहळू पिण्यात जातात, आपण स्थिर होतो, आणि तेवढ्यात झाड आपल्याला विसरतं.

मोबाइल खिशात ठेवा. पहिल्या आठवड्यात फोटो काढूच नका. फोटोच्या मागे लागलं की पक्षी छोट्या पडद्यावर दिसतो आणि तो काय करतोय ते निसटतं.

पहिल्या वर्षी मी याच्या बरोबर उलट केलं होतं. एका रविवारी चार ठिकाणं, हातात यादी, दिसला की खूण. संध्याकाळी यादीत तीसहून जास्त नावं झाली होती, पण डोळे मिटल्यावर त्यातला एकही पक्षी समोर येईना. त्याचं मला खरोखर वाईट वाटलं. पुढच्या रविवारपासून मी एकाच झाडाशी बसायला लागलो, ते आजपर्यंत.

तिसरं काम: आकार, चोच, शेपटी, आणि मग रंग

नवीन माणूस रंगापासून सुरू करतो आणि फसतो. सावलीत, उन्हात, नर-मादीत, पिल्लात रंग बदलतो. आधी आकार ठरवा. त्यासाठी ओळखीच्या पाच पक्ष्यांची मोजपट्टी मनात ठेवा: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३-२४, कबूतर ३३, कावळा चाळीसच्या थोडा पुढे. "साळुंकीहून लहान, बुलबुलाएवढा, शेपूट लांब" एवढं सांगता आलं तरी जाणकार माणूस निम्मं ओळखून देतो.

मग चोच. बाकदार आणि बारीक असेल तर रस पिणारा, जाड आणि शंकूसारखी असेल तर दाणे फोडणारा, सरळ आणि टोकदार असेल तर किडे टिपणारा. मग शेपटी हलते का, आणि कशी. हिवाळी पाहुण्यांतला थिरथिरा याच खुणेनं सापडतो. चिमणीएवढा पक्षी, कुंपणावर बसून शेपटी सारखी थरथरवणारा, उडाला की विटकरी रंग चमकतो. मार्च-एप्रिलमध्ये तो उत्तरेकडे परततो, म्हणून आत्ताच बघून घ्या.

सावरीवर पहिल्या आठवड्यात हे भेटतील असं धरून चाला. साळुंकी तर असतेच. तिच्याबरोबर भांगपाडी मैना, डोक्यावर काळी शेंडी आणि पोटाला केशरट रंग. लालबुड्या बुलबुल, आणि झाडी दाट असेल तर शिपाई बुलबुल, डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका. पोपट, म्हणजे खरं तर कीर, कळ्या कुरतडून खाली टाकत असतात. काळा कोतवाल रसही पितो आणि फुलांवर आलेले किडेही टिपतो, वर मोठ्या पक्ष्यांना हुसकावतो. हिरवट-पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चष्मेवाला टोळीनं येतो आणि क्षणात निघून जातो. पुण्यात आणि आसपास राखी धनेशही सावरीवर येतात. त्यांचं ते जड, लाटांसारखं उडणं एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी गफलत होत नाही.

भोरडीसाठी वेगळी ओळ लिहायलाच हवी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. हा पक्षी पूर्व युरोप आणि मध्य आशियात वीण करतो आणि आपल्याकडे हिवाळा घालवतो. ज्वारीच्या शेतकऱ्यांना तो चांगला माहीत असतो, कारण कणसांवर थवेच्या थवे उतरतात. वसंतात तेच थवे सावरीवर आणि पळसावर रस प्यायला येतात, आणि परतीची वेळ जवळ येते तशी नरांच्या अंगावरची गुलाबी अधिक खुलत जाते. एप्रिलमध्ये एके दिवशी झाड रिकामं दिसतं. आदल्या संध्याकाळी तिथं शंभर पक्षी होते हे सांगूनही कुणाला पटत नाही.

शिंजीर हा मात्र या ऋतूचा माझा सर्वात लाडका पक्षी. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की आपला झगझगीत रंग टाकतो. मग तो मादीसारखा पिवळट-तपकिरी दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा उरतो. वसंत जवळ आला की हळूहळू नवी पिसं येतात. जानेवारी-फेब्रुवारीत अर्धवट रंगलेले, ठिगळं लावल्यासारखे नर दिसतात. एकाच झाडाशी रोज बसलात तर हे रंग चढणं आठवड्याआठवड्यानं टिपता येतं. होळीपर्यंत तो अंगभर काळा-जांभळा होतो आणि ऊन पडलं की निळा चमकतो. हे बघायला कुठल्याही अभयारण्याचं तिकीट लागत नाही.

चौथं काम: कान लावणं

रोज पाच मिनिटं डोळे मिटून बसा. किती वेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजा. नावं कळली नाहीत तरी चालेल.

पहिला ओळखू येईल तो कोकीळ. कोकिळा गाते असं आपण लहानपणापासून म्हणत आलो, पण चढत्या सुरातलं ते "कुहू कुहू" नराचं असतं. नर काळा कुळकुळीत, डोळे लालभडक. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज "किक्-किक्-किक्" असा तुटक. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, म्हणून कावळ्यांची घरटी बांधायची वेळ आणि कोकिळाच्या ओरडण्याचा जोर एकत्रच येतात. मार्चनंतर तुमच्या खिडकीबाहेर पहाटे चारला तो ओरडायला लागला तर जवळपास कावळ्याचं घरटं आहे का, ते बघा.

दुसरा तांबट. "टुक्... टुक्... टुक्..." कुणी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारतंय असा एकसुरी आवाज, दुपारच्या उन्हातही न थांबणारा. पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा, जाडजूड, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. ओरडताना तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि शोधणारा चक्रावतो. झाडाच्या शेंड्यावरची वाळकी फांदी बघा, सकाळी तिथंच ऊन खात बसलेला सापडेल.

दयाळ हिवाळाभर जवळजवळ गप्प असतो आणि मार्चच्या सुमारास एका पहाटे गायला लागतो. काळा-पांढरा, शेपटी वर उचललेली, इमारतीच्या टोकावर किंवा अँटेनावर बसून तो लांबलचक, बदलत जाणारी शीळ घालतो. आमच्या घरी ज्या दिवशी दयाळाची पहिली शीळ ऐकू येते, त्या दिवशी चहा गॅलरीत होतो.

शिंपी आकारानं एवढासा, पण "टुविट-टुविट-टुविट" असा ठणठणीत आवाज काढतो. एवढ्या जिवातून एवढा आवाज कसा येतो याचं मला अजून नवल वाटतं.

आवाजावरून पक्षी ओळखणारी मर्लिनसारखी मोफत ॲप आहेत आणि शिकायला त्यांची मदत होते. पण ॲपनं नाव सांगितलं म्हणून वहीत लिहू नका. रिक्षाचा हॉर्न, शेजारचा रेडिओ, नक्कल करणारा हरेवा, यांत तेही चुकतं. नाव ही सूचना समजा आणि पक्षी डोळ्यांनी शोधा. आणि त्याच मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की हद्दीत प्रतिस्पर्धी आला. मग तो खाणं-पिणं, घरटं सोडून त्याला शोधत फिरतो.

दुर्बीण घ्यावी का

पहिले दोन आठवडे नको. तोवर बसायची सवय लागली तर जरूर घ्या. ८×४२ हा आकडा लक्षात ठेवा. ८ म्हणजे आठपट जवळ दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं असेल तर पहाटेच्या कमी उजेडातही चित्र उजळ दिसतं. १०×५० जास्त जवळ दाखवते, पण जड असते आणि हात हलला की चित्र जास्त हलतं. नवशिक्याला आठपट पुरे.

दुर्बीण डोळ्यांना लावून घेणं बहुतेकांना कुणी शिकवत नाही. आधी उजवा डोळा झाकून मधलं चाक फिरवा, डाव्या डोळ्याला दूरचं पान स्पष्ट दिसेपर्यंत. मग डावा डोळा झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तेच पान स्पष्ट करा. ती कडी आता तिथंच राहू द्या, यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडा दुमडा किंवा आत फिरवा. पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर हलवू नका, नजर तिथंच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचला. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवतो.

पाचवं काम: वही

साधी शाळेची वही. तारीख, वेळ, झाड, ऊन की ढग, आणि पक्षी काय करत होता. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा आणि वेडंवाकडं का होईना चित्र काढा. "साळुंकीनं फूल चोचीनं उपटलं, खाली टाकलं, खारीनं उचललं" हे वाक्य नावांच्या यादीपेक्षा मोलाचं आहे.

दर वर्षी चार तारखा वेगळ्या पानावर लिहा: सावरीचं पहिलं फूल, कोकिळाची पहिली हाक, दयाळाची पहिली शीळ, शेवटचा थिरथिरा. तीन-चार वर्षांनी ते पान तुमच्या गल्लीचं पंचांग होतं.

घरातल्या मोठ्यांना जुनी नावं विचारा आणि तीही लिहून ठेवा. आपल्याकडे दर शंभर मैलांवर पक्ष्याचं नाव बदलतं. भारद्वाजाला कुठं कुंभारकावळा म्हणतात. पुस्तकी नाव शिका, पण आजीचं नाव हरवू देऊ नका.

नोंदी इतरांच्या कामी याव्यात असं वाटलं तर ई-बर्ड हे मोफत ॲप आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो. १९९८ मध्ये तो सुरू झाला, भारत २०१३ पासून त्यात आहे. अट एवढीच की एका जागी किमान १५ मिनिटं दिसलेले पक्षी मोजून नोंदवायचे. तुमचं झाड त्यासाठी पुरेसं आहे.

एखादा रविवार पाण्याकाठी

महिन्यातून एकदा मात्र झाड सोडून पाणवठ्यावर जा, आणि मार्च संपायच्या आत जा, कारण बदकं तेवढ्यात परतू लागतात. पुण्याहून सोलापूर रस्त्याला कवडीपाट आहे. मुळा-मुठेच्या काठी तिथं चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, धोबी असे कितीतरी पक्षी उथळ पाण्यात दिसतात. नदीचं पाणी बघून वाईट वाटेल, तेही वहीत लिहा. रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे असतील तर उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला पहाटे नावेतून जाता येतं. मुंबई-ठाण्याच्या लोकांना ते ठाणे खाडीतच आहेत. नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर, गोव्यात चोडण बेटावरचं सलीम अली अभयारण्य. नावाड्याला रोहितांच्या थव्यात नाव घालायला सांगू नका. थवा उडाला की फोटो छान येतो, पण परतीच्या प्रवासासाठी साठवायची त्यांची ताकद वाया जाते.

घरी, गच्चीवर

उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्चीवर वाळवण पडतं. लहानपणी कुरडया-पापडांची राखण माझ्याकडे असायची. हातात काठी, सावलीत बसायचं आणि कावळा उतरला की उठायचं. कावळा आधी कठड्यावर येतो, मान वाकडी करून आपल्याकडे बघतो, आपण दुसरीकडे बघेपर्यंत थांबतो, हे मी तिथं शिकलो. कुठलंही पुस्तक हातात यायच्या आधी पक्षिनिरीक्षणाची माझी पहिली शाळा म्हणजे आईची ती गच्ची. तुमच्या घरी अजून वाळवण होत असेल तर राखणीला आनंदानं बसा. ओल्या चिकाची वाटीही मिळते.

पाणी ठेवायचं तर मातीचं पसरट भांडं घ्या, खडबडीत तळाचं, दोन इंचांपेक्षा खोल नको. मधे एक दगड ठेवा, लहान पक्षी त्यावर उतरतात. भांडं सावलीत, पण मांजर दबा धरून बसेल अशा झुडपापासून दूर. पाणी रोज ओतून, भांडं घासून नवं भरा, म्हणजे डास होत नाहीत आणि रोगही पसरत नाहीत. आठवडाभर कुणी आलं नाही तरी भांडं हलवू नका. कबुतरांसाठी दाणे टाकू नका. त्यांची वाळलेली विष्ठा श्वासातून जाऊन फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, आणि त्यांची गर्दी लहान पक्ष्यांना जागा ठेवत नाही. त्याऐवजी एका कुंडीत साधी एकेरी जास्वंद लावा. शिंजीर तिला शोधत येतो.

सोसायटीत फांद्या छाटायची चर्चा निघाली तर वाळक्या फांदीची बाजू घ्या. खाली माणसांची वर्दळ नसेल आणि पडायचा धोका नसेल तर ती राहू द्या असं सांगा. तांबट तिच्यातच भोक पाडून घर करतो, पुढे ते दुसऱ्यांनाही मिळतं.

घरटं सापडलं तर

या दिवसांत ते सापडणारच. शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्यानं काटक्या, सालं आणि कचरा चिकटवून लोंबती पिशवी करते, पुष्कळदा थेट गॅलरीतल्या वायरवर. शिंपी मोठं पान दुमडून त्याच्या कडा शिवतो. सापडलं की लगेच मागे सरका. फांद्या बाजूला करू नका, रोज जाऊन डोकावू नका. माणूस कुठं थांबतो यावर कावळ्याची नजर असते, आणि तुम्ही गेल्यावर तो तिथं उतरतो. अंडी किंवा पिल्लं उचलून नेणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात पाळणंही.

पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर उड्या मारताना दिसलं तर ते बहुतेक वेळा हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात. कुत्र्या-मांजराचा धोका असेल तर अलगद उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात ही समजूत खरी नाही.

मार्चअखेर सावरीची फुलं संपतात. पालवी येते, झाड झाकलं जातं आणि तुमची जागा थोडी ओकीबोकी वाटायला लागते. तेव्हा कडुनिंबाखाली सरका, मग बहाव्याखाली. पावशाची "पेर्ते व्हा" ही हाक तोवर कानावर यायला लागलेली असेल. पण एप्रिल-मेमध्ये एकदा सावरीकडे परत या. बोंडं फुटलेली असतात आणि कापूस वाऱ्यावर तरंगत असतो. शिंपी घरट्याला आतून असलाच मऊ कापूस लावतो. चोचीत पांढरी बट धरून तो कुंपणापलीकडे जाताना दिसला तर मागे जाऊ नका. कुठल्या दिशेला गेला, तेवढं वहीत लिहा.